दाखल्याचा कागद : लेटरहेड देखणं नको, टिकाऊ हवं



आजचा विषय कुणाला फार किरकोळ वाटेल. शाळेच्या लेझर प्रिंटरला कागद कोणता घ्यायचा आणि लेटरहेड कसं छापून घ्यायचं, याच्यावर काय लेख लिहायचा? मलाही असंच वाटायचं. कागद म्हणजे बाबू आणतील ते, आणि लेटरहेड म्हणजे प्रेसवाला छापून देईल ते. पण मागच्या एका जुलैत जे घडलं, त्यानंतर माझं मत पार बदललं. म्हणून लिहितो आहे.

आमची शाळा गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावची. दहावी झालेला आमचाच एक विद्यार्थी वडिलांना घेऊन शाळेत आला. दोघेही भिजलेले. वडिलांनी प्लास्टिकच्या पिशवीतून घडी केलेला दाखला काढला आणि म्हणाले, "गुरुजी, यातला अक्षर उडून गेला जी. साहेब म्हणते दुसरा आणा."

दाखला आम्हीच दिलेला. जेमतेम तीन आठवड्यांपूर्वीचा. कागद जाडजूड, खरबरीत, वर शाळेचं नाव सोनेरी रंगात. मोठ्या हौसेनं छापून घेतलेलं लेटरहेड होतं ते. पण घडी नेमकी जातीच्या ओळीवरून गेली होती आणि त्या घडीवरची काळी पावडर सुटली होती. 'गोंड' या शब्दावरचा अनुस्वार गेला होता. राहिलं होतं 'गोड'.

कार्यालयातल्या माणसाचं काय चुकलं? त्याच्यासमोर जे लिहिलेलं आहे तेच तो वाचणार. चूक आमची होती. त्या बापाचे मजुरीचे दोन दिवस बुडाले, बसचं भाडं गेलं, आणि प्रवेशाची तारीख तोंडावर आलेली. आम्ही लगेच दुसऱ्या प्रतीची कार्यवाही करून दिली. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यातून जाईना. अक्षर उडालं कसं?

लेझर प्रिंटर शाईनं छापतच नाही

सातवीच्या विज्ञानात आपण स्थितिक विद्युत शिकवतो. कोरड्या केसांवर कंगवा घासायचा आणि कागदाचे कपटे उचलून दाखवायचे. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन याच तत्त्वावर चालतात. चेस्टर कार्लसन या अमेरिकन माणसानं १९३८ साली अशा कोरड्या पद्धतीनं पहिली प्रत काढली. पुढे १९६९ च्या सुमारास गॅरी स्टार्कवेदर यांनी झेरॉक्स कंपनीत त्याला लेझरची जोड दिली.

प्रिंटरच्या आत एक गोल ड्रम असतो. त्यावर विद्युतप्रभार दिला जातो. लेझरचा किरण जिथे जिथे पडतो तिथला प्रभार बदलतो आणि टोनरची पावडर तेवढ्याच जागी चिकटते. ती पावडर कागदावर येते. इथपर्यंत ती नुसती बसलेली असते, फुंकर मारली तरी उडेल अशी. शेवटी कागद दोन रोलरमधून जातो. त्यातला एक रोलर साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो. टोनर म्हणजे मुख्यतः प्लास्टिकचीच बारीक भुकटी. ती त्या उष्णतेनं वितळते आणि दाबानं कागदाच्या तंतूंत घट्ट बसते. नुकतं निघालेलं पान हाताला गरम लागतं ते यामुळे.

म्हणजे इथे शाई कागदात मुरत नाही, प्लास्टिक वितळून कागदाला चिकटतं. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की बाकीचं सगळं आपोआप कळतं.

आमचा कागद जाड होता, म्हणून उष्णता बरीचशी कागदानंच खाल्ली. कागद खरबरीत होता, म्हणून टोनर उंचवट्यांवर बसला, खळग्यांत नीट पोचलाच नाही. त्यात महिना जुलैचा, कागद हवेतला ओलावा पिऊन बसलेला. मग रोलरची उष्णता आधी ते पाणी वाळवण्यात गेली. तीनही कारणं एकत्र आली आणि टोनर कच्चा राहिला. घडी पडताच सुटला.

आपल्या जिल्ह्याचा पावसाळा आणि दाखल्यांचा हंगाम

आपला जिल्हा तलावांचा आणि धानाचा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण पाऊस, तलाव आणि दमटपणा दोन्हीकडे सारखाच. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. दाखले, बोनाफाईड, गुणपत्रकांच्या प्रती यांची गर्दी नेमकी जून-जुलैत होते. म्हणजे वर्षातली सगळ्यात महत्त्वाची कागदपत्रं आपण वर्षातल्या सगळ्यात ओल्या दिवसांत छापतो!

लेझरसाठीच्या कागदात साधारण ४ ते ६ टक्के ओलावा असावा, असं धरतात. बंद रिममध्ये तो तसाच राहतो, कारण वेष्टनाला आतून ओल अडवणारा थर असतो. आपण काय करतो? रिम फोडतो, वेष्टन फेकतो आणि कागद टेबलावर उघडा ठेवतो. नाहीतर अख्खं खोकं ऑफिसच्या फरशीवर, भिंतीला टेकवून. मग पान वाकडं निघतं, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, कागद आत अडकतो, आणि आपण प्रिंटरला शिव्या देतो.

उपाय फुकटचे आहेत. खोकं लाकडी पाटावर किंवा कपाटात ठेवा, फरशीवर नको. लागेल तेवढाच कागद काढा, बाकीचा त्याच वेष्टनात गुंडाळून ठेवा. सायंकाळी ट्रेमध्ये कागद ठेवून घरी जाऊ नका. प्लास्टिकचं झाकणवालं पिंप असेल तर उत्तमच. धानाला ओल लागू नये म्हणून आपले पालक जेवढी काळजी घेतात, त्याच्या अर्धी आपण कागदाची घेतली तरी पुष्कळ.

पोषण आहाराच्या काट्यावर रिम मोजा

कागद घेताना आपण 'चांगला द्या' म्हणतो. चांगला म्हणजे काय? रिमवर ७०, ७५, ८० जीएसएम असं लिहिलेलं असतं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. ए-फोर कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो आणि ए-झिरो हा मोठा ताव एक चौरस मीटरचा. त्याचे निम्मे-निम्मे चार वेळा केले की ए-फोर मिळतो. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये १६ ए-फोर. ८० जीएसएमचं एक पान ८० भागिले १६, म्हणजे ५ ग्रॅमचं. ५०० पानांची रिम अडीच किलोची.

याच हिशेबानं :

- ८० जीएसएमची रिम : साधारण २ किलो ५०० ग्रॅम
- ७५ जीएसएमची रिम : साधारण २ किलो ३४० ग्रॅम
- ७० जीएसएमची रिम : साधारण २ किलो १८० ग्रॅम
- ६० जीएसएमची रिम : साधारण १ किलो ८७० ग्रॅम

शाळेत तांदूळ मोजायचा काटा असतोच. मुलांना एक रिम मोजायला लावा. वेष्टनावर ७५ लिहिलंय आणि काटा दोन किलोच्या आसपास दाखवतोय, तर एकतर कागद हलका आहे किंवा पानं कमी आहेत. क्षेत्रफळ, भागाकार, सरासरी आणि ग्राहकाची जागरूकता, सगळं एका तासात होतं. आमच्या सहावीच्या पोरांनी हा तास जेवढा मनापासून केला, तेवढा पुस्तकातला एकही केला नसेल.

माझं मत असं : रोजच्या कामाला, म्हणजे सराव प्रश्नपत्रिका, याद्या, सूचना यांना ७० जीएसएम पुरे. दाखला, बोनाफाईड, निर्गम उतारा यांना ८० जीएसएमचा गुळगुळीत, पांढरा कागद घ्या. वर्षाला दोन-तीन रिम वेगळ्या ठेवल्या की झालं. फार जाड कागदाच्या मागे लागू नका. कडक कागद म्हणजे टिकाऊ कागद, हा गैरसमज आहे. शाळांत असतात ते छोटे लेझर प्रिंटर साध्या कागदासाठी जुळवलेले असतात. जाड कागद वापरायचाच असेल तर छापण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पेपर टाइप 'प्लेन' ऐवजी 'हेवी' किंवा 'रफ' करा. मग प्रिंटर उष्णता आणि वेग त्याप्रमाणे जुळवतो. ही सेटिंग आम्ही कितीतरी वर्षं उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

आणि एक. इंकजेटसाठीचा चकचकीत फोटो पेपर लेझरमध्ये चुकूनही घालू नका. त्याच्यावरचा थर आत वितळून रोलरला चिकटतो. दुरुस्तीचं बिल कागदाच्या कितीतरी पट येतं.

लेटरहेड : लग्नपत्रिका आणि दाखला यांत फरक हवा

आता मुख्य मुद्दा. आपल्या तालुक्यांच्या ठिकाणचे प्रेसवाले कष्टाळू माणसं आहेत. पण त्यांचं मुख्य काम लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि बॅनरचं. आपण जाऊन म्हणतो, "भाऊ, एकदम भारी लेटरहेड करा." मग ते त्यांच्याकडचं भारी ते करून देतात. सोनेरी शाई, उठावदार अक्षरं, मागे फिकट रंगात शाळेच्या इमारतीचा फोटो. हे लेटरहेड लेझर प्रिंटरमधून जाणार आहे, हे आपण त्यांना सांगितलेलंच नसतं. चूक त्यांची कशी म्हणायची?

तो २०० अंशांचा रोलर छापलेल्या लेटरहेडवरूनही फिरतो. शाई उष्णता सहन करणारी नसेल तर ती मऊ होऊन रोलरला लागते आणि पुढच्या पानावर उमटते. आमच्याकडे तेच झालं. दाखल्याच्या खालच्या भागात शाळेच्या बोधचिन्हाची पुसट सावली यायला लागली. आम्हाला वाटलं टोनर संपला. नवा टाकला, तरी तेच! उठावदार छपाई तर सगळ्यात वाईट, कारण ती मुळात उष्णतेनं फुगवलेली राळच असते. दुसऱ्यांदा उष्णता मिळाली की पुन्हा वितळते.

म्हणून प्रेसमध्ये ऑर्डर देताना एवढं नक्की सांगा :

- हे लेटरहेड लेझर प्रिंटरमधून जाणार आहे, उष्णता सहन करणारी ऑफसेट शाई वापरा.
- सोनेरी, चंदेरी, उठावदार छपाई किंवा दाबून काढलेली नक्षी नको.
- रंग एकच, गडद. काळा किंवा गर्द निळा.
- कागद गुळगुळीत, ८० जीएसएमच्या आसपासचा. पुठ्ठ्यासारखा नको.
- छापून झाल्यावर किमान आठवडाभर पूर्ण वाळू द्या. शाई ओली असताना पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मारलेली पावडर कमीत कमी असावी.
- सगळी ५०० किंवा १००० पानं घेण्याआधी पाच-सहा पानं आणा, शाळेच्या प्रिंटरमधून काढून बघा, मगच होकार द्या.

एकाच गडद रंगाचा आग्रह कशासाठी? आपला दाखला गावोगाव झेरॉक्स होत फिरतो. फिकट पिवळी, केशरी अक्षरं झेरॉक्समध्ये गायब होतात. मागचा रंगीत फोटो काळा डाग बनतो आणि त्याच्यावरची जन्मतारीख वाचता येत नाही. मूळ प्रत देखणी असून काय उपयोग? पालकाचं काम तर झेरॉक्सवरच चालतं.

मग लेटरहेड छापायचंच कशाला?

आता माझं खरं मत सांगतो. ते सगळ्यांना पटणार नाही. लहान शाळांनी प्रेसमधून लेटरहेड छापून घेऊच नये. शाळेचं नाव, पत्ता, ११ अंकी युडायस क्रमांक, मान्यता क्रमांक हे सगळं फाईलमध्ये साध्या युनिकोड अक्षरांत तयार ठेवावं आणि मजकुराबरोबर एकदमच लेझरवर छापावं. दोनदा छपाई नाही, शाई वितळायची भीती नाही, पान उलटं लागण्याची भानगड नाही. मोबाईल क्रमांक बदलला तर जुनी चारशे पानं रद्दीत जात नाहीत.

यावर आमच्याच स्टाफरूममध्ये दोन आक्षेप आले. दोन्हींत तथ्य आहे.

पहिला : "असं लेटरहेड कुणीही घरी छापेल. बनावट दाखले निघतील." खरंय. पण सोनेरी लेटरहेड कुणाला छापता येत नाही? तेही त्याच बाजारात छापून मिळतं. दाखला खरा ठरतो तो जनरल रजिस्टरच्या क्रमांकानं, जावक क्रमांकानं, सही-शिक्क्यानं आणि शाळेत ठेवलेल्या नोंदीनं. पडताळणीचं पत्र येतं तेव्हा आपण लेटरहेडचा रंग बघत नाही, दाखलखारीज रजिस्टर उघडतो. उलट कोरी छापील लेटरहेडं कपाटात मोकळी पडलेली असणं हाच मोठा धोका आहे. किती शाळांत त्यांचा हिशेब ठेवतात, आपणच विचार करा.

दुसरा आक्षेप : "आता सगळं ऑनलाईन होणार आहे, कागदाची एवढी चिंता कशाला?" होईल तेव्हा आनंदच आहे. पण आज आपल्याकडचा पालक हातात कागद घेऊनच उभा असतो. सालेकसा-देवरीकडच्या गावांत नेटवर्क कधी असतं, कधी नसतं. आणि ऑनलाईन चढवायलासुद्धा आधी कागदच स्कॅन करतात. त्यावरचा अनुस्वार गेला की स्कॅनमध्येही गेलाच.

एक अनुस्वार किती मोठा असतो

मराठीच्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या लिपीत अनुस्वार, रफार, मात्रा ही सगळी बारीक चिन्हं वर असतात. टोनर वाचवायच्या सेटिंगमध्ये तीच आधी पुसट होतात. 'पोवार' आणि 'पवार' यांत फरक एका ओकाराचा. 'गोंड' आणि 'गोड' यांत फरक एका ठिपक्याचा. प्रश्नपत्रिकेसाठी टोनर जरूर वाचवा. दाखल्यासाठी ती सेटिंग बंद करा आणि अक्षर किमान १२ आकाराचं ठेवा.

आणि हे कागद किती वर्षं लागतात? अनुसूचित जमातीच्या दाव्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० चा, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ चा आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ चा रहिवास आणि पुरावा बघतात. त्यासाठी लोक आजोबा-पणजोबांचा शाळेतला उतारा शोधत येतात. आपण कपाटातून तो जुना रजिस्टर काढतो. पानं पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या, पण दौत-टाकानं लिहिलेलं अक्षर अजून वाचता येतं. त्या गुरुजींकडे ना प्रिंटर होता, ना लेटरहेड. पण त्यांनी लिहिलेल्या एका ओळीवर आज तिसऱ्या पिढीचं शिक्षण उभं राहतं.

आपला दाखलाही कुणाचा तरी नातू पन्नास वर्षांनी शोधेल. तेव्हा त्यावर सोनेरी नाव होतं की काळं, हे कुणी विचारणार नाही. अक्षर वाचता येतं का, एवढंच बघतील.

शाळेत लगेच करता येईल अशी चाचणी

दाखला हातात देण्याआधी एक वाया गेलेलं पान घ्या, त्याच कागदावर तोच मजकूर छापा आणि पाच मिनिटं थांबा. मग :

१. अंगठ्यानं अक्षरं जोरात घासा.
२. छापलेल्या ओळीवरून घडी करा, नखानं दाबा, उघडा आणि घडीवर बोट फिरवा.
३. पाण्याचे चार थेंब टाका, वाळू द्या. लेझरचं अक्षर पसरत नाही, पण लेटरहेडची शाई पसरते का ते बघा.
४. झेरॉक्स काढा. त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स काढा आणि शेवटची प्रत एखाद्या पाचवीच्या मुलाला वाचायला द्या.

चारही पार पडल्या तर कागद पास. पावडर सुटली तर कागद बदला किंवा सेटिंग बदला.

पालकांनाही दोन शब्द. दाखल्याची घडी शक्यतो करू नका, मोठ्या पाकिटात ठेवा. करावीच लागली तर मजकुराच्या ओळीवर करू नका. मऊ, चिकट प्लास्टिकच्या फाईलमध्ये लेझरचा कागद थेट ठेवला तर काही महिन्यांनी अक्षरं प्लास्टिकला चिकटतात. मध्ये एक कोरा कागद ठेवा. मूळ प्रत लॅमिनेट करण्याआधी शाळेत विचारा. आणि दाखला हाती आला की तिथेच उभं राहून नाव, जात, जन्मतारीख, त्यातला एकेक काना-मात्रा वाचून घ्या. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा. शिक्षकांना राग येणार नाही. आला तरी चालेल.

त्या जुलैनंतर आम्ही उरलेली सोनेरी लेटरहेडं दाखल्यासाठी वापरणं बंद केलं. त्यांवर आता वार्षिक स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणाचा मजकूर पेननं लिहितो. तिथे ती शोभून दिसतात. दाखले साध्या पांढऱ्या कागदावर, काळ्या अक्षरांत निघतात. आणि देण्याआधी आमचे बाबू प्रत्येक नमुन्याच्या पानावर अंगठा घासून बघतात.

तो विद्यार्थी आता आयटीआयला आहे. परवा भेटला तेव्हा हसत म्हणाला, "सर, अनुस्वार अजून आहे जी."

आपल्याही शाळेत उद्या एक पान घासून बघा.